माळणीच्या लेकीची जुडी

फार फार वर्षांमागची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांमागची ते विचारू नका, मला ठाऊक नाही आणि जिने मला सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. त्या मुलखाला राजा होता, पण तो या गोष्टीत येत नाही. बोलणारा पोपटही येत नाही. ज्यांना पोपट हवाच असेल त्यांनी खुशाल उठून दुसरीकडे जावं, मी रागावणार नाही.

तर डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव लहान, पण घरटी एक परस आणि परसात फुलझाडं. त्या गावात हौसा नावाची माळीण राहायची. हौसा बोलायला फटकळ, पण फुलांपुढे तिचा आवाज आपोआप खाली यायचा. तिचा नवरा राणबा गरीब स्वभावाचा. दिवसभर मोटेमागे उभा राहायचा आणि बायको बोलली की "बरं" म्हणायचा. त्यांना एकच लेक, चिमा.

त्या मुलखात एक रीत होती. लेक लग्न होऊन सासरी निघाली की तिच्या हातात फुलांची जुडी द्यायची. हार नव्हे, वेणी नव्हे. देठासकट कापलेल्या फुलांची, मुठीत धरून बांधलेली जुडी. फुलं आईच्या परसातलीच हवीत, विकतची चालायची नाहीत. लेकीने ती सांभाळत सासरी न्यायची आणि उंबऱ्यावर सासूच्या हातात द्यायची. सासूने ती न सोडता पाण्याच्या तांब्यात ठेवायची आणि तांब्या दाराशी कोनाड्यात मांडायचा. मग तिसऱ्या दिवशी सासरचा माणूस माहेरी यायचा आणि जुडी कशी आहे ते सांगायचा. याला म्हणायचे सांगावा.

जुडी टवटवीत राहिली, असा सांगावा आला की लेकीच्या आईने गावात साखर वाटायची. आणि कोमेजली, असा आला तर? तर तसं कुणी काही करत नसे हो. लेकीला कुणी परत धाडत नसे. पण लोकांची तोंडं कोण धरणार? शेजारच्या तानूबाईच्या लेकीची जुडी वाटेतच सुकली होती. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली, त्या पोरीला चार मुलं झाली, तरी सासरी तिला अजून 'सुक्या जुडीची' म्हणून हाक मारत. तानूबाई पाणवठ्यावर अजून मान खाली घालून जायची.

गावातल्या कुणाच्याही लेकीचं लग्न असो, जुडी बांधायला हौसाच लागायची. तिच्या हाताची जुडी कधी कोमेजली नव्हती. ती आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्या घरच्या परसात जायची. धारदार विळ्याने देठ तिरपे कापायची, खालची पानं ओरबाडून काढायची आणि फुलं रात्रभर गळ्याइतक्या पाण्यात उभी करून ठेवायची. पहाटे बांधायला बसायची. पहिली काडी सरळ धरायची, दुसरी तिच्यावर तिरपी, तिसरी दुसरीवर तिरपी, सगळ्यांचा कल एकाच बाजूला. दरेक काडीगणिक मूठ थोडी फिरवायची. मूठ घट्ट आवळायची नाही. शेवटी केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, ओला दोरा घेऊन अंगठ्याजवळ तीन वेढे द्यायचे, की झालं. एकदा बांधली की पुन्हा हात लावायचा नाही.

आणि एक गोष्ट ती न चुकता करायची. दहा फुलं घेतली तर पाच कळ्या घ्यायची. अगदी मिटलेल्या नव्हेत, नुकता कुठे रंग दाखवायला लागलेल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "बाई, आज फुललेलं उद्या बसणार. मग परवा सासूने काय बघायचं, काड्या?" लोक हसायचे, पण तिचं ऐकायचे.

अशी ही शहाणी बाई. आता तिचं शहाणपण कुठे गेलं ते ऐका.

मार्गशीर्षात चिमाचं लग्न ठरलं. मुलगा तीन कोसांवरच्या गावातला, घर खाऊनपिऊन सुखी. सासूचं नाव कोंडाबाई. मुलगी बघायला आली तेव्हा ती फारसं बोलली नव्हती. सगळं घर मात्र डोळ्यांनी धुंडाळून गेली होती. जाता जाता हौसाला एवढंच म्हणाली, "तुमच्या हाताच्या जुडीचं नाव आमच्याकडेही ऐकलंय हो, विहीणबाई."

झालं. हौसाच्या मनाने ते वाक्य धरलं ते सोडलंच नाही.

त्या दिवसापासून ती परसातून हलेना. शेवंतीला काठ्यांचा आधार दिला. गुलाबाच्या मुळाशी कुजलेलं शेण, निशिगंधाला सकाळ-संध्याकाळ पाणी. कुणाच्या पूजेला फूल मागायला बायका आल्या तर दारातूनच परत पाठवू लागली. राणबा एकदा भीत भीत म्हणाला, "अगं, देवाला एक शेवंती दिली तर काय बिघडतं?"

"देव माझ्या लेकीला नावं ठेवणार नाही," हौसा म्हणाली. "सासू ठेवेल."

"बरं," राणबा म्हणाला आणि मोटेकडे गेला.

खरं सांगायचं तर हौसाला भीती वाटत होती. चिमा तिच्यापासून एक दिवससुद्धा लांब राहिलेली नव्हती. तिकडे पोरीला कोण विचारील, तिचं दुखलंखुपलं कोण बघेल, या विचाराने हौसाची झोप उडाली होती. पण हे बोलून दाखवायचं कुणाला? मग ती सगळी भीती तिने त्या जुडीत ओतली. जुडी अशी झाली पाहिजे की बघताक्षणी सासूचं तोंड बंद व्हावं, आणि जन्मात कुणी चिमाकडे बोट दाखवू नये. बस, तिला एवढंच दिसत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन उतरलं आणि हौसा विळा घेऊन परसात शिरली. अंगाला हळद लागलेली चिमा मागच्या दारात बसून बघत होती. परस त्या दिवशी असा फुलला होता की डोळे ठरत नव्हते. हौसा एकेक झाड धरून पूर्ण उमललेलं फूल तेवढं कापत होती. टोपली भरली, दुसरी भरली. मोठ्या ताटलीएवढे गुलाब, पिवळीधमक शेवंती, वरपासून खालपर्यंत उमललेला निशिगंध. एकही उमललेलं फूल तिने झाडावर ठेवलं नाही.

चिमा म्हणाली, "आई, कळ्या नाही घेतल्यास?"

"कळ्या कशाला?"

"तू नेहमी घेतेस म्हणून विचारलं."

"ते लोकांच्या पोरींसाठी. त्यांच्या परसात असतंच काय? झाकायला कळ्या घालाव्या लागतात." हौसा मागे न बघता बोलत होती. "तुझी जुडी भरगच्च झाली पाहिजे. उद्या सगळं गाव बघणार आहे, सगळं वऱ्हाड बघणार आहे. त्यांच्यापुढे काय हिरव्या बोंडांचा झुबका धरू?"

"पण तिसऱ्या दिवशी?"

"माझ्या हाताखालची फुलं आहेत ती. तीन दिवस काय, आठवडा टिकतील. तू गप्प बस आणि हळद पुसू नकोस."

लग्नाच्या आदल्या दिवशी आईशी वाद घालू नये, एवढं तिलाही कळत होतं.

पहाटे हौसाने जुडी बांधायला घेतली. बांधली आणि हात लांब करून बघितली. एका बाजूला गुलाब जास्त वाटले, म्हणून सोडली. पुन्हा बांधली. आता शेवंती मध्येच बसल्यासारखी दिसत होती. पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा दोरा सैल वाटला, चौथ्यांदा घट्ट वाटला. पंधरा वर्षांत जिने एकदा बांधलेली जुडी पुन्हा उघडली नव्हती, तिने त्या पहाटे ती पाच वेळा सोडली आणि पाच वेळा बांधली. फुलांना माणसाच्या हाताची ऊब सोसत नाही, हे तिनेच गावातल्या पोरींना शिकवलं होतं. पण स्वतःची पोर निघाली की माणसाला स्वतःचंच शिकवलेलं आठवत नाही. मी कुणाचं नाव घेत नाही, ज्याचं त्याने ओळखावं.

उजाडल्यावर जुडी मांडवात आणली तेव्हा बायकांच्या तोंडाचे आ झाले. एवढी देखणी जुडी त्या गावाने पाहिली नव्हती. तानूबाईसुद्धा उठून बघायला आली. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. हौसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवली आणि मंगलाष्टकांना जाऊन उभी राहिली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. बाहेर जावयाच्या माणसांनी बैलांना पाणी दाखवलं आणि गाड्या जोडायला घेतल्या. तीन कोस जायचं होतं आणि दिवेलागणीच्या आत पोचायचं होतं. हौसा जुडी आणायला देवघरात गेली.

तिने फडकं उघडलं. गुलाबाच्या पाकळ्या फडक्याला चिकटून बाहेर आल्या. मोठे मोठे गुलाब, उचलले की झडत होते. निशिगंधाच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. शेवंती होती बिचारी उभी, पण तिच्याही माना वाकल्या होत्या. हौसाने जुडी हळूच हलवली तर ओंजळभर पाकळ्या तिच्या पायावर पडल्या.

ती तशीच मागच्या दाराने परसात धावली. बदलून दुसरी बांधू, अजून वेळ आहे, असं म्हणत ती गुलाबाजवळ गेली, शेवंतीच्या वाफ्यात शिरली. पण घेणार काय? उमललेलं एकूण एक फूल तिनेच काल कापून नेलं होतं. सबंध परसात कळ्याच कळ्या होत्या. हौसा वाफ्याच्या बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

चिमा तिला शोधत आली. अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. आईच्या मांडीवरच्या पाकळ्या बघून तिला सगळं कळलं. तिने शालूचा घोळ कमरेला खोचला आणि बांधावरचा विळा उचलला.

"काय करतेस?" हौसा म्हणाली.

"जुडी बांधते."

"तू? आणि कशाची?"

"आहे त्याची," चिमा म्हणाली.

तिने रंग दाखवणाऱ्या कळ्या तेवढ्या निवडल्या. गुलाबाच्या सात-आठ, शेवंतीच्या मूठभर, निशिगंधाच्या तीन काड्या, ज्यांच्या अगदी तळाशी एखाददुसरं बोंड फुगलं होतं. कापलेला देठ लगेच पन्हळातल्या पाण्यात. सोबत तुळशीच्या मंजिऱ्या घेतल्या, थोडा मरवा घेतला. मग आईशेजारी बांधावर बसून बांधायला लागली. पहिली काडी सरळ, दुसरी तिरपी, तिसरी तिच्यावर तिरपी. बांगड्या मध्ये मध्ये येत होत्या. हात आईसारखा सफाईदार नव्हता. एक काडी उलट्या बाजूला गेली, ती तशीच राहिली.

हौसाला बघवेना. जुडी म्हणजे मरव्याच्या हिरव्या झुबक्यात दडलेली चार बोंडं. "आण इकडे," ती म्हणाली, "मी नीट बांधते."

चिमाने जुडी दुसऱ्या हातात घेतली आणि लांब धरली. "आता राहू दे, आई."

"अगं, लोक काय म्हणतील? हौसा माळणीने लेकीच्या हातात गवताची पेंढी दिली म्हणतील. ती कोंडाबाई आधीच..." मग इतके दिवस जे गिळून ठेवलं होतं ते एकदम बाहेर आलं. "मला भीती वाटते गं, चिमे. तिकडे तुला कुणी टाकून बोललं तर मी तिथे नाही. मला वाटलं, एवढं तरी बिनचूक करून द्यावं. म्हणजे तुला कशाला तोंड द्यायला नको."

"मलाही भीती वाटते," चिमा म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते. "पण सगळंच तू इथून करून दिलंस तर तिकडे जाऊन मी काय करू? बसून राहू?"

बाहेरून राणबाची हाक आली, बैल जोडले होते. चिमाने केळीचा दोरा भिजवून तीन वेढे दिले आणि गाठ मारली. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग चिमा डोळे पुसून उठली. गाडीत बसताना तिने जुडी पदराखाली झाकली नाही, हातात उघडी धरली. बायकांच्यात कुजबूज झाली. सकाळची कुठे आणि ही कुठे, असं कुणीतरी म्हणालं. हौसाने ऐकलं आणि जमिनीकडे बघत राहिली.

गाडी गेली. आणि सुरू झाले ते तीन दिवस. अहो, काय सांगू तुम्हाला त्या बाईचे हाल! पहिल्या दिवशी तिने चूल पेटवली आणि वर भांडं ठेवायलाच विसरली. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गेली तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या. तानूबाई मात्र जवळ आली, तिच्या डोक्यावर घागर ठेवून दिली आणि म्हणाली, "माझ्यावर वेळ आली तेव्हा कुणी घागरीला हात लावला नव्हता." हौसाला लाज वाटली. वीस वर्षांत आपणही लावला नव्हता, हे तिला आठवलं.

राणबाने भाकरी पुढे ठेवली तर ती म्हणाली, "घास उतरत नाही."

"पोरीने बांधलीय ना? मग टिकेल," राणबा म्हणाला.

"तुम्हाला काय कळतं जुडीतलं?"

"जुडीतलं नाही कळत," राणबा म्हणाला, "पोर कळते." लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्याने हौसाला दिलेलं हे पहिलंच उत्तर असावं. पण भाकरी काही हौसाने खाल्ली नाही.

तिसरा दिवस उजाडला. सांगावा आणणारा गडी चालत येतो, साधारण दुपारपर्यंत पोचतो. हौसा सकाळपासून वेशीकडे तोंड करून ओट्यावर बसली होती. ऊन डोक्यावर यायच्या आत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी वेशीतून आत शिरली आणि सरळ तिच्या दारापुढे थांबली. आणि गाडीतून स्वतः कोंडाबाई उतरली.

सांगावा घेऊन सासू स्वतः आली, असं त्या मुलखात कधी घडलं नव्हतं. गडी पाठवायचा सोडून बाई जातीने आली म्हणजे तक्रार साधीसुधी नाही. शेजारच्या बायका ओट्याओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या, एरवी हाक मारली तर येत नाहीत.

हौसाने विहिणीच्या पायांवर पाणी घातलं, बसायला घोंगडी टाकली, गूळपाणी पुढे ठेवलं. कोंडाबाईने सावकाश गूळ खाल्ला, सावकाश पाणी प्यायली. मग म्हणाली, "यंदा थंडी बरी आहे."

"बरी आहे," हौसा म्हणाली.

"तुमच्या मोटेला पाणी आहे का?"

"आहे." आणि मग हौसाला राहवलं नाही. तिने हात जोडले. "विहीणबाई, जे काय बोलायचं ते मला बोला. पोरीला बोलू नका. तिची चूक नाही. मी पहिली जुडी बिघडवली, म्हणून ऐनवेळी तिला कळ्यांची बांधावी लागली."

कोंडाबाईने पेला खाली ठेवला. "अस्सं," ती म्हणाली. "म्हणजे ही कळ्यांची जुडी तुम्हाला सुचलीच नव्हती तर."

"नाही. मी तर सगळं फुललेलंच बांधलं होतं."

"मग ऐका आता." कोंडाबाई पाय आखडून नीट बसली. "उंबऱ्यावर पोरीने जुडी हातात दिली ना, तेव्हा मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? एवढी नावाजलेली माळीण आणि मला पाला पाठवते, असं वाटलं. मी तोंड वाकडं करून तांब्यात ठेवली. तुमच्या लेकीने ते बघितलं. रात्री जेवलीही नाही धड."

हौसाने डोळे मिटून घेतले.

"दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर एक शेवंती उमललेली. मी हाक मारली, अगं सूनबाई, इकडे ये. ती चुलीपुढून धावत आली. आम्ही दोघी कोनाड्यापुढे बसलो. ती सांगायला लागली, आता दुपारी ही उमलेल, मग ती. मी म्हटलं, ती नाही, ही. आमची पैजच लागली. तुमची पोर जिंकली, आणि हसली. माझ्या घरात पहिल्यांदा हसली ती." कोंडाबाई स्वतःही हसली. "काल गुलाब उमलायला लागले. आमच्या म्हाताऱ्या सासूबाई सहा महिने अंथरुणाला खिळून आहेत. त्या म्हणाल्या, तांब्या माझ्या उशाशी आणा. तुमच्या लेकीने नेऊन ठेवला, पाणी बदललं, देठ पुन्हा तिरपे कापले. म्हातारी तिचा हातच सोडेना. आज पहाटे निशिगंध फुटला, सगळ्या घरात वास आहे."

ओट्यांवरच्या बायका कधी अंगणात येऊन उभ्या राहिल्या, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"याआधी मी दोन सुना आणल्या," कोंडाबाई म्हणाली. "दोघींच्या जुड्या बघत राहावं अशा होत्या. आम्ही बघितल्या, चांगल्या म्हटलं, गड्याला सांगावा देऊन मोकळे झालो. त्या जुड्या त्यांच्या माहेरी फुलल्या होत्या. ही माझ्या घरी फुलली, विहीणबाई. असा सांगावा गड्याच्या तोंडी कसा पाठवू? म्हणून स्वतः आले."

हौसा रडली, पण या वेळी तिने पदर तोंडाला लावला नाही. तिला एकदम इतकी भूक लागली की विहिणीच्या देखत तिने राणबाला हाक मारली, "अहो, भाकरी आहे का काही?" राणबा "बरं" म्हणाला आणि आत गेला. दोघी विहिणी एका ताटात जेवल्या. मग हौसाने गावात साखर वाटली. पहिली मूठ तिने तानूबाईच्या हातावर ठेवली.

त्यानंतरही गावातल्या बायका हौसाला जुडीसाठी बोलवत राहिल्या. ती जायची, आदल्या संध्याकाळी देठ कापून द्यायची, कळ्या कोणत्या घ्यायच्या ते दाखवायची. पण पहाटे बांधायची वेळ आली की ती फुलं आणि दोरा नवरीच्या पुढे सरकवायची आणि स्वतःचे हात मांडीखाली धरून बसायची. एखादी आई काकुळतीला येऊन म्हणायची, "हौसाबाई, पोरीचा हात कच्चा आहे, तुम्हीच बांधा की." तेव्हा फटकळ हौसा म्हणायची, "बांधू दे तिला. तुझी पोर आहे म्हणून तुझे हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते." हळूहळू ती रीतच पडून गेली, आणि पुढे त्या मुलखात नवरीची जुडी नवरीच बांधू लागली.

म्हणून लहानथोरांनो, आपल्या माणसाला निरोप देताना सगळं पुरं करून देऊ नका. थोडं त्याच्या हातून उमलायला ठेवा.